‘कुठपर्यंत पोचला?’ – स्टेरिंगवरच्या माणसाला फोन लावणाऱ्यांसाठी धागा

तापीकाठ

गाडी चालवताना मोबाइलवर बोलणाऱ्याला आपण सगळेच नावं ठेवतो. त्याला फोन लावणारा मात्र कायम सुटतो. हा धागा त्या लावणाऱ्याबद्दल आहे, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या-माझ्या घरच्यांबद्दल.

आपल्याकडे माणूस गाडी घेऊन निघाला की फोनांची रांग लागते. जळगावहून धुळ्याला निघालेल्याने पाळधी ओलांडली नाही तोच पहिला, एरंडोलला दुसरा, पारोळ्याच्या अलीकडे तिसरा. ‘कुठपर्यंत पोचला?’ ‘जेवायचं थांबू का?’ फैजपूरकडून येणारा असेल तर ‘बामणोदची वांगी घेत ये भरताला.’ फोन उचलला नाही तर लगेच दुसऱ्यांदा, मग त्याच्या बायकोला, मग मागे बसलेल्या पोराला. समोरचा गाडी चालवतोय हे ठाऊक असतं, म्हणूनच तर हा फोन होतो. घरी झोपलेल्या माणसाला कुठपर्यंत पोचला असं कोणी विचारत नाही.

उचलणाऱ्याची चूक आहेच, ती मी कमी करत नाही. पण वाजणारा फोन न उचलणं आपल्या घरांत उद्धटपणात जमा होतं. वडिलांचा, सासऱ्यांचा, मालकाचा फोन खिशात तसाच वाजू द्यायची हिंमत पंचविशीतल्या पोरात नसते. तो कडेला थांबतही नाही. तो डावा हात खिशात घालतो.

आता थोडं गणित. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, क्रिकेटची खेळपट्टी जवळपास तेवढीच. नाव कोणाचं आलंय हे बघायला दोन सेकंद मान खाली घातली की दोन खेळपट्ट्या गाडी आंधळी पळाली. त्यानंतर समोर काही दिसलं तर पाय ब्रेकवर जायलाच सेकंद-दीड सेकंद लागतो, म्हणजे आणखी एक खेळपट्टी गेली. गाडी थांबायला लागते ती यानंतर. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी मालट्रकांच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवून हे मोजलं होतं. २००९ साली आकडे बाहेर आले. मेसेज टाइप करणाऱ्या चालकाची नजर सहा सेकंदांतले ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती आणि अपघाताचा किंवा थोडक्यात हुकलेल्या अपघाताचा धोका २३ पट होता.

पूर्वी आपले खड्डेच वेग धरू देत नव्हते. तरसोद ते फागणे हा महामार्गाचा टप्पा किती रखडला ते इथे सगळ्यांना माहीत आहे. आता बऱ्याच भागात रस्ता चौपदरी झाला, गाडी सहज ऐंशी-नव्वदला जाते, आणि फोन करणारा अजून जुन्या रस्त्याच्या हिशेबाने फोन करतो.

तर प्रश्न असा: तुमच्या घरात किंवा धंद्यात यावर काही ठरलंय का? ‘ब्लूटूथ लावा’ हे उत्तर शक्यतो नको.

खोटेनगरचा

पहिला! बाकी सहमत. वांगी बामणोदचीच.

जिनिंगवाला

तापीकाठ भाऊ, लिहिलं झकास, पण तुम्ही नोकरदार दिसता. कापसाच्या सीझनला माझा फोन सकाळी सातपासून सुरू होतो. भाव हलत राहतो, शेतकरी काट्यावर गाडी लावून उभा असतो. त्याला म्हटलं, ‘मी दोंडाईच्याहून निघालोय, शिरपूरला पोचलो की सांगतो,’ तर तो कापूस शेजारच्या जिनिंगला टाकून मोकळा होतो.

मी गाडीच्या स्पीकरवर बोलतो. दोन्ही हात स्टेरिंगवर, डोळे रस्त्यावर. बाजूला बसलेल्याशी आपण गप्पा मारतोच ना? मग फोनवरच्या माणसानं काय घोडं मारलं? ब्लूटूथला तुम्ही दारातूनच परत पाठवलं, कारण सांगितलंच नाही.

तापीकाठ

@जिनिंगवाला, रास्त प्रश्न. बाजूला बसलेला माणूस तुमच्याबरोबर रस्ता बघत असतो. समोर ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन वळताना दिसला की तो बोलता बोलता गप्प होतो, नाहीतर ‘अरे अरे’ करून ओरडतो. फोनवरचा माणूस भाव सांगतच राहतो, त्याला ट्रॅक्टर दिसत नाही. आणि त्याच्याशी बोलताना आपण त्याचा काटा, त्याची गाडी डोळ्यांसमोर आणतो. समोरचा रस्ता तेवढा पुसट होतो.

युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटाने यावर बरीच वर्षं काम केलं. सिम्युलेटरवर हँड्सफ्री बोलणाऱ्यांची नजर अगदी नेमकी वस्तूवर होती, तरी ती वस्तू पाहिल्याचं नंतर त्यांना आठवेना. डोळ्यांनी पाहिलं, डोक्याने घेतलं नाही. २००६ मध्ये त्यांनी दारू प्यायलेल्या चालकांशी तुलना केली. त्यात हातात फोन धरलेला आणि हँड्सफ्रीवाला यांच्यात फरक सापडला नाही. त्याच्या आधी १९९७ साली टोरांटोच्या रेडेलमायर आणि तिबशिरानी यांनी ६९९ चालकांची फोन बिलं त्यांच्या अपघाताच्या वेळेशी ताडून पाहिली होती. बोलत असताना धोका साधारण चौपट. हँड्सफ्रीचा उपयोग झाल्याचं त्यांनाही दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते.

जिनिंगवाला

टोरांटोला कापसाचा सीझन नसतो :) ट्रॅक्टरचा मुद्दा मात्र लागला. आमच्या रस्त्यावर नोव्हेंबरात तेच चालतं, मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. विचार करतो. पण धंदा थांबवून नाही.

धुळ्याचा हाडवैद्य

चांगला धागा. मी हाडांचा डॉक्टर, त्यामुळे मला शेवटचा अंकच दिसतो.

माझ्याकडे आलेला रुग्ण ‘फोनवर बोलत होतो’ असं सहसा सांगत नाही. कुत्रं आडवं आलं. डुक्कर आडवं आलं. समोरच्याचा लाइट डोळ्यावर आला. नातेवाईक औषधं आणायला खाली गेले की सोबतचा मित्र हळूच सांगतो, ‘सर, तो व्हॉट्सॲपवर होता.’ खान्देशातल्या कुत्र्यांवर फार अन्याय झालेला आहे.

म्हणून सरकारी आकड्याकडे मी जरा जपून बघतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ३,३९५ मोबाइलच्या वापरामुळे, असे अपघात ७,५५८. म्हणजे जेमतेम दोन टक्के. सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू वेगाच्या खात्यात. पण हे खातं कोण ठरवतं? जागेवर आलेला पोलीस. त्याला सांगणारा एकतर उरलेला नसतो किंवा कुत्र्याचं नाव घेतो. वेगात असताना फोनही हातात होता, हे दुसरं कारण लिहायला कोण बसतंय? माझ्या टेबलावरून तरी दोन टक्के हा आकडा खरा वाटत नाही.

दुचाकीवाल्यांसाठी एक गोष्ट. मोटारसायकलवर फोन बहुतेक डाव्या हातात असतो, कारण उजव्यात ॲक्सिलरेटर. म्हणजे क्लच गेला. अचानक थांबायची वेळ आली की उजव्या हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबला जातो, डावीकडून हँडल धरलेलं नसतं, ते वळतं आणि माणूस उडून पडतो. पडताना हात पुढे येतो, मनगट जातं. ते परवडलं, प्लास्टर घालून भागतं. डोक्याला काही घातलेलं नसलं तर माझ्याकडे पाठवायचं कामच उरत नाही.

आणि रुमाल. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, डोक्याला-कानाला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडूच नये, हे मीच सांगतो. पण त्याच रुमालात कानाशी फोन खोचून लोक तासतासभर बोलत जातात. फोन सरकू नये म्हणून मान तिरकी. मान तिरकी म्हणजे एका बाजूचा आरसा बंद. एका कानात बोलणं, दुसऱ्यावर फडकं, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. आणि एवढं खोचल्यावर हेल्मेट बसत नाही, ते हँडलला लटकतं.

अमळनेरची ताई

डॉक्टरसाहेब, रुमालाचं लिहिलंत ते आमच्या स्कार्फलाही लागू. बायकांचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते.

मी शाळेत शिकवते, रोज स्कूटीवर खेड्यावर जाणं-येणं. घरच्यांपेक्षा ग्रुपवरचा मेसेज जास्त जीव खातो. ‘खालील माहिती तात्काळ पाठवा, १० वाजेपर्यंत.’ मेसेज येतो पावणेदहाला, तेव्हा अर्धा स्टाफ रस्त्यावर असतो. किती मुलांचं आधार झालं, किती मुली, किती जणांना गणवेश. एक मॅडम स्कूटी चालवत चालवत आकडे टाइप करताना मी पाहिल्या आहेत, शाळेच्या वळणावर, बैलगाडीच्या मागे. पाठवणाऱ्या साहेबांना हे दिसत नाही, त्यांच्या फोनवर फक्त निळ्या टिका येतात. आता आमच्या मुख्याध्यापकांनी ठरवलंय की साडेअकराच्या आत कोणाकडे माहिती मागायची नाही. वरून ओरडा येतो तो ते एकटे खातात.

घरचं असं. निघताना एक मेसेज, पोचल्यावर एक मिस कॉल, मधे कोणी फोन करायचा नाही. नवऱ्याला लगेच पटलं. सासूबाईंना वेळ लागला. त्यांचं म्हणणं, करायचाच नाही तर फोन घेतला कशाला? शेवटी त्यांना सांगितलं, ‘आई, तुमचं नाव दिसलं की मला वाटतं पोराला काही झालं, मी घाबरून गाडी चालवतानाच उचलते.’ त्या दिवसापासून त्या थांबल्या. आता त्याच नणंदेला दटावतात, ‘ती गाडीवर असंल, नको लावू.’

खोटेनगरचा

ताई, +१. मुख्याध्यापकांना माझा नमस्कार सांगा.

चोपडा ते आझादपूर

भाऊ, मी केयासनी गाडी चालाडस, चोपडाथून दिल्ली. तुम्हनं बठ्ठं वाचं. खरं शे. पन मन्हा मालक रातले दोन वाजता फोन करस तो भाव सांगाले नही करत. मी झोपी गया का काय, ते दखाले करस. उचला नही ते त्याले वाटस, गाडी पलटी व्हयनी. आते सांगा काय करानं?

मराठीतच लिहितो, विदर्भ-पुण्याचे लोक पण वाचत असतील. केळीचा माल थांबत नाही. घड तोडले की घड्याळ सुरू. मंडीत उशिरा पोचलं की व्यापारी माल पिवळा पडला म्हणून रेट पाडतो, शेतकरी मालकाला बोलतो, मालक आम्हाला. रात्री शिरपूर सोडलं की सेंधव्यापर्यंत घाट, मग इंदूर, आणि पहाटे तीन ते पाच डोळा जड होतोच. त्या टायमाला कोणाशी बोललं की जाग येते, हे खोटं नाही. आमच्यातले निम्मे ड्रायव्हर त्यासाठीच एकमेकांना फोन लावून ठेवतात, कॉन्फरन्सवर, चार-चार गाड्या. तुम्ही म्हणता फोन बंद ठेव. बंद ठेवला आणि झोप लागली तर?

तापीकाठ

दादा, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा आहे. मी घर आणि दुकान यांचा विचार केला होता, रात्रीच्या लाइनचा नाही. माझ्याकडे उत्तर नाही, ज्यांनी रात्री गाडी चालवली आहे त्यांनी बोलावं.

लालपरी निवृत्त

मी बोलतो. रातराणी केलेली आहे, धुळ्याहून.

भो, फोनवर बोलून झोप जात नाही, लांबते. बोलणं संपलं की दुप्पट येते, आणि आता ती सांगून येत नाही. डोळे उघडे असतात आणि मधले दोन किलोमीटर कुठे गेले ते आठवत नाही. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे, कोणी कबूल करत नाही. गाणी, तंबाखू, खिडकी उघडून तोंडावर वारा, सगळं करून झालंय. झोपेवर इलाज झोपच. ढाब्यावर गाडी लाव, आधी चहा पी आणि मग पंधरा-वीस मिनिटं आडवा हो. चहाचा अंमल चढायला तेवढाच वेळ लागतो, उठतो तेव्हा डोकं साफ असतं. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपलास तर उलट अंग जड होतं, मोबाइलचा उपयोग कर, गजर लाव.

आमच्या एसटीत चालकाला गाडी चालवताना मोबाइलला मनाई. मी डेपोतून गाडी काढताना फोन वाहकाच्या बॅगेत टाकायचो. घरून आला तर वाहक बोलायचा, ‘वहिनी, सोनगीर सोडलं, जेवण झालंय.’ लोकांशी बोलायला वाहक, चालकाशी बोलायला घंटी. एक वाजली थांब, दोन वाजल्या चल. त्याच्या पलीकडे चालकाला काही ऐकायची गरज नसते.

ट्रकलाही पूर्वी क्लीनर असायचा. मागचं बघायचा, आरशात बघायचा, झोप येऊ नये म्हणून बडबडायचा, मालकाला पीसीओवरून फोनही तोच लावायचा. पगार वाचवायला मालकांनी क्लीनर काढला. क्लीनरचं काम आता फोन करतो, आणि फोनला रस्ता दिसत नाही.

धुळ्याचा हाडवैद्य

वरच्या प्रतिसादातली चहा-झोपेची गोष्ट वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर आहे. क्लीनरचं कधी लक्षातच आलं नव्हतं.

नंदुरबारी

सगळे मोबाइल मोबाइल करून राहिले. आमच्याकडे या, रस्त्यात खड्डे की खड्ड्यात रस्ता ते सांगा. गाडी दोन्ही हातांनी धरून पण माणूस पडतो. आधी रस्ते, मग उपदेश.

धुळ्याचा हाडवैद्य

खड्डा दोन सेकंद आधी दिसला तर चुकवता येतो. ते दोन सेकंद फोन घेऊन जातो. खड्डे आहेत म्हणूनच म्हणतोय, साहेब.

नंदुरबारी

बरं. पण खड्ड्यांचा वेगळा धागा काढतोच.

काळा कोट

कायद्याचं कोणी विचारलं नाही, तरी लिहितो, कारण ‘दोनशे रुपये देऊन सुटतो’ या भ्रमात बरेच आहेत.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८४. २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरलेला फोन वापरणं हे धोकादायक चालवण्यात नाव घेऊन आलं. पहिल्यांदा ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत परत सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. रस्त्यावर जो तडजोडीचा दंड घेतात तो महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून दुचाकीला १,०००, चारचाकीला २,००० आणि त्यावरच्या गाड्यांना ४,०००. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच अशा चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा म्हणून राज्यांना कळवलेलं आहे. ट्रकचालकाचे तीन महिने म्हणजे काय ते आझादपूरवाले दादा सांगतील.

नकाशा बघायला १ ऑक्टोबर २०२० पासून परवानगी आहे, पण फक्त रस्ता शोधण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. स्टँडवर लावलेल्या फोनवर रील बघणं यात येत नाही, हे मला एका पक्षकाराला समजावून सांगावं लागलं.

कोणाचा जीव गेला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या ३०४-अ मध्ये दोनच होती. तपासात कॉल रेकॉर्ड मागवता येतं, त्यात मिनिट-सेकंदासकट नोंद असते. डॉक्टरांचं कुत्रं तिथे टिकत नाही. आणि जखमी स्वतःच फोनवर होता हे सिद्ध झालं तर नुकसानभरपाईतून त्याच्या वाट्याची हयगय वजा होऊ शकते. घरचे कोर्टात येतात तेव्हा हे पहिल्यांदा ऐकतात.

आता धाग्याचा मूळ प्रश्न, फोन लावणाऱ्याचा. आपल्याकडे त्याला कुठलं कलम नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने मात्र २०१३ मध्ये म्हटलं, की समोरचा गाडी चालवतोय आणि तो मेसेज लगेच वाचणार हे पाठवणाऱ्याला माहीत असेल, तर पाठवणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते. त्या खटल्यात पाठवणारी मुलगी सुटली, कारण तिला हे माहीत होतं असा पुरावा नव्हता. आपल्याकडे पुरावा शोधायची गरज नाही, पहिलं वाक्यच ‘गाडी चालवतोय का?’ असतं. आणि ‘हो’ म्हटल्यावर ‘मग ऐक, दोनच मिनिटं.’

एक उरलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहिता येईपर्यंत मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ होता, त्याप्रमाणे चालकाचे दिवसाचे तास ८, आठवड्याचे ४८, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला तो लागू होता. रात्री दोनला ‘झोपला का रे’ विचारणाऱ्या मालकाने हेही एकदा वाचावं.

तापीकाठ

न्यू जर्सीचं माहीत नव्हतं. ‘मग ऐक, दोनच मिनिटं’ आमच्या घरातून चोरलंत का?

सावद्याचा ट्रान्सपोर्टवाला

मालकांवर बरंच आलंय, तर मालकाच्या बाजूने चार ओळी.

पाच-सहा गाड्या आहेत, सगळ्या बँकेच्या. केळीची गाडी भरली की शेतकरी, एजंट आणि मंडीतला आडत्या, तिघंही मलाच विचारतात, ‘गाडी कुठं आली?’ मला माहीत नसलं तर मी ड्रायव्हरला विचारणारच. रात्री झोप मलाही लागत नाही, कारण गाडी गेली तर हप्ता राहतो आणि माणूस गेला तर तोंड दाखवता येत नाही.

मी फोन बंद कसा केला ते सांगतो. फास्टॅग माझ्या नंबरवर आहे. गाडी टोलवरून गेली की पैसे कटल्याचा मेसेज मला येतो, नाक्याच्या नावासकट. सेंधव्याजवळचा टोल किती वाजता गेला, त्यावरून इंदूर कधी येईल ते मी खाटेवर पडून सांगतो. मुंबईची गाडी असली तर लळिंगचा मेसेज. एजंटालाही तेच फॉरवर्ड करतो. दोन टोलमध्ये नेहमीपेक्षा फार वेळ गेला तरच काळजी, आणि तेव्हाही आधी मागून येणाऱ्या गाडीवाल्याला विचारतो, तो थांबलेला असेल तर. ड्रायव्हर थांबला की तोच मला फोन करतो, आणि थांबल्याबद्दल मी बोलत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. पहिले काही महिने पोरं थांबून झोपायची आणि मला सांगायची नाहीत, वाटायचं मालक भाडं कापेल.

क्लीनरबद्दल लालपरी भाऊंनी लिहिलं ते खरं आहे. लांबच्या लाइनला मी दुसरा ड्रायव्हर देतो, सगळ्या गाड्यांना परवडत नाही.

एमआयडीसीतला पोऱ्या

टेक्निकल कोणी लिहिलं नाही म्हणून. आयफोनमध्ये ‘फोकस’मध्ये ड्रायव्हिंग आहे, चालू केलं की मेसेज करणाऱ्याला आपोआप उत्तर जातं. मराठीत टाकून ठेवा, ‘गाडीवर आहे, पोचल्यावर करतो.’ अँड्रॉइडला ‘डू नॉट डिस्टर्ब’ आहे, गाडीच्या ब्लूटूथला जोडलं की आपोआप चालू होईल असंही बऱ्याच फोनमध्ये लावता येतं.

खरंच अडचण असली तर, हा प्रश्न सगळे विचारतात. त्याच सेटिंगमध्ये ‘रिपीट कॉलर्स’ आहे. तोच नंबर थोड्या वेळात दुसऱ्यांदा आला तरच वाजतो, अँड्रॉइडवर १५ मिनिटांत, आयफोनवर तीन मिनिटांत. घरी सांगून ठेवायचं, मरणधरणाचं असेल तरच लागोपाठ दोनदा लावा. दोनदा वाजला की कडेला घ्यायची आणि मग उचलायचा.

अमळनेरची ताई

आमच्या घरात हे फसेल हो. वांगी संपली तरी लागोपाठ दोनदा लावतात.

जिनिंगवाला

तापीकाठ भाऊ, एक केलंय. सीझनपुरता काट्यावरच्या मुनीमला भाव ठरवायची मोकळीक दिली, क्विंटलमागे वर-खाली किती ते सकाळी सांगून. मी गाडीत असलो की शेतकऱ्यांचे फोन त्याच्या नंबरवर वळवतो. परवा त्याने एक गाडी मी घेतली असती त्यापेक्षा पन्नास रुपये जास्त देऊन घेतली. रात्रभर हिशोब लागला नाही. बघू किती दिवस दम निघतो.

चोपडा ते आझादपूर

सावद्याच्या भाऊंचं टोलचं चांगलं आहे, पण आमच्या मालकाचा फास्टॅग त्याच्या भावाच्या नंबरवर आहे आणि दोघं बोलत नाहीत. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन चालेल का? ते किती वेळ राहतं?

एमआयडीसीतला पोऱ्या

जास्तीत जास्त आठ तास, मग परत लावावं लागतं. घाटात रेंज गेली की मधे अडकेल, रेंज आली की पुढे सरकेल. मालकाला एवढं सांगून ठेवा, नाहीतर ठिपका अडकला म्हणून फोन करेल.

लालपरी निवृत्त

आठ तास गाडी चालवली म्हणजे उतरायची वेळ झालीच. चहा घे, झोप, परत लाव, मग निघ.

चोपडा ते आझादपूर

बरं शे भो. हाऊ धागा मालकले दखाडस. त्याले मराठी वाचता येस, फक्त फोन ठेवता येत नही.